मिसची वाकळ आणि जावेची साडी

मी एकदा प्रभूच्या नावाने चोरी केली. तशी लहानच होते, बावन्न वर्षांची. नातवंडं विचारतात, ‘आज्जी, बावन्न म्हणजे लहान?’ अरे, बावन्नाव्या वर्षी मला खात्री होती की मला सगळं कळतं. याहून पोरकट वय दुसरं कुठलं?

चोरी एका साडीची. ती मी कापायला दिली, तिचे तुकडे वाकळीत शिवून घेतले, आणि वर बायकांच्या प्रार्थनासभेत उभी राहून, डोळे मिटून साक्ष दिली, ‘प्रभूने आज मला माझ्या भूतकाळातून मोकळं केलं.’ बायकांनी हालेलूया म्हटलं. एकीने डोळे पुसले. मी दोन बशा उप्पीट खाल्लं. साक्ष अगदी मनापासूनची होती. एवढंच, की साडी माझ्या जावेची होती.

पण मला सांगायचंय मिसबद्दल. माझ्यासारख्या चोरट्या बेळगावात गल्लोगल्ली सापडतील. मिस एकच होत्या.

मिशनच्या मुलींच्या शाळेत त्यांनी जन्मभर शिवण शिकवलं. लग्न केलं नाही, म्हणून मिस. पाळकसाहेब मिस म्हणत, भाजीवाला मिस म्हणे, दारातलं कुत्रंसुद्धा ‘मिस आली बघ’ म्हटलं की उठून बसे. चर्चमागच्या दोन खोल्यांत राहायच्या. उंची एवढीशी, की बाकावर बसल्या की पाय अधांतरी लोंबायचे आणि प्रवचन लांबलं की झोके घ्यायचे. पाळकसाहेब म्हणायचे, मला घड्याळ लागत नाही, मी मिसचे पाय बघतो.

उजव्या हाताच्या मधल्या बोटात पितळेचं अंगुस्तान. सुई टोचू नये म्हणून शिंपी बोटावर टोपी घालतात ना, ते. ते कधीच निघायचं नाही. भाकरी थापताना नाही, आंघोळीला नाही. प्रभुभोजनाचा प्याला हातात घेतला की बारीक ‘टिंग’ व्हायचं आणि मागच्या रांगांना कळायचं, मिसपर्यंत पोचलं, आता आपली पाळी. अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी गेल्या तेव्हा त्यांच्या भाचीला कुणीतरी विचारलं, हे काढायचं का? ती म्हणाली, ‘राहू दे. वर गेल्यागेल्या काम मागणार ती.’ दफनाच्या वेळी अर्धी मंडळी हसत होती आणि अर्धी रडत होती. मी दोन्हीकडे होते.

मिसचं गाव निपाणीकडचं, तंबाखूच्या शेतांतलं. बाप मराठी बोलणारा, आई कन्नड. त्यामुळे मिस टाके कन्नडमध्ये मोजायच्या, ओंदु, येरडु, मूरु, आणि चुकलेल्या टाक्याला शिव्या मराठीत द्यायच्या. सकाळी मराठी उपासनेला बसायच्या ते तिथेच बसून पाठोपाठची कन्नड उपासनाही ऐकायच्या. मी एकदा विचारलं, ‘मिस, तेच वचन, तेच गीत, दोनदा कशाला?’ म्हणाल्या, ‘देवाला दोन्ही येत्यात. एका भाषेत खोटं बोलले तर दुसरीत सापडंन म्हणून बसते.’

दर बुधवारी चर्चच्या व्हरांड्यात त्यांची वाकळ पडायची. आमच्याकडे जुनी लुगडी, धोतरं, सदरे एकावर एक अंथरून धावदोरा घालून पांघरूण शिवतात, ती वाकळ. कडेपासून शिवत शिवत, चौकोनात फिरत मध्यावर यायचं. वाकळी जायच्या वृद्धाश्रमात, दवाखान्यात, कुठे कुठे. पण मिसची एक अट होती. घरातला नकोसा झालेला चिंधोटा चालायचा नाही. जे कपाटातून काढताना हात अडतो, ते आणायचं.

एकदा एक निवृत्त गुरुजी पांढरा सदरा घेऊन आले. कडक इस्त्री, वर प्लास्टिकची पिशवी.

‘हा घालून हेडमास्तरच्या मुलाखतीला गेलतो,’ गुरुजी म्हणाले. ‘वीस वर्षं झाली.’

‘व्हय. मग?’ मिसचा हा ठरलेला प्रश्न. माणूस कितीही मोठं दुःख घेऊन येवो, ‘व्हय, मग?’

‘मग काय? दुसऱ्याला घेतलं. माझ्या हाताखालच्या पोराला.’

‘आन् तुम्ही वीस वर्षं सदऱ्याला इस्त्री करतायसा?’

मिसनी कात्री घेतली आणि आधी कॉलर उडवली. ‘गुरुजी, हेडमास्तर होऊन तुम्ही काय केलं असतं? पोरांस्नी भ्या दावलं असतं. आता हा सदरा कुणा म्हातारीची पाठ शेकंल. बढतीच की!’

गुरुजी आधी कसनुसे झाले, मग जे हसायला लागले ते खोकला लागेपर्यंत. पुढच्या बुधवारी सुई ओवायला येऊन बसले. नजर अधू, त्यामुळे एक सुई ओवायला एक भजन लागायचं.

मी मिसना म्हटलं, ‘जुनं विसरायचं तर जाळून टाकावं. शिवत काय बसायचं?’

‘प्रभूनं मला जाळलं व्हय?’ मिस म्हणाल्या. ‘माझ्यात काय कमी फाटकं होतं? त्यानं धुतलं, कापलं, जोडलं आन् म्हणाला, जा, कुणाच्या तरी अंगावर पड. जाळायचं असतं तर त्याला काडी परवडत होती.’

आता त्यांची दुसरी खोड सांगते, कारण माझी फजिती तिच्यातूनच झाली. चर्चमध्ये सगळ्यांत मोठा आवाज मिसचा. प्रभूची प्रार्थना सगळे मिळून म्हणतो, तेव्हा खांब त्यांच्या आवाजावर उभे आहेत असं वाटायचं. पण त्या प्रार्थनेत क्षमेचं वाक्य येतं. आम्ही इतरांना क्षमा केली आहे, तशी तू आम्हाला कर, अशा अर्थाचं. मनात कुणाबद्दल काही असलं, तर त्या वाक्याला मिस तोंड मिटून घ्यायच्या. पुढच्या वाक्याला पुन्हा सुरू. पंख्याचं बटण बंद करून चालू करावं तसं. मंडळी कुजबुजायची, ‘आज मिस गप्प झाल्या. कुणावर आहे राग?’ आणि उपासना संपल्यावर मिस कुणातरी इसमाला कोपऱ्यात गाठून त्याच्या छातीवर अंगुस्तान आपटताना दिसायच्या. पुढच्या रविवारी आवाज परत.

‘एवढं कशाला? वाक्य म्हणून टाकायचं,’ मी म्हणायची. मी टाकतच होते ना, सत्तावीस वर्षं, दर रविवारी, सुरात.

‘मी म्हटलं तर त्यो ऐकतोय गं,’ मिस म्हणायच्या.

जुन्या बायका सांगायच्या, तरुणपणी मिस त्या वाक्याला सलग बारा वर्षं गप्प होत्या. त्यांचा एकुलता भाऊ बांधाच्या भांडणात गेला. शेजारच्या शेतकऱ्याने कुऱ्हाडीचा दांडा घातला होता. त्याला जन्मठेप झाली, हिंडलग्याच्या जेलात. पुढे नाताळात चर्चची मंडळी जेलात गाणी म्हणायला गेली, मिसही गेल्या. मला वाटलं होतं, ही गोष्ट त्या सांगायच्या नाहीत. पण एका बुधवारी सुई चालवता चालवता सांगून गेल्या, बाजारातून काय आणलं ते सांगावं तशी.

‘रांगेत बसलेला दिसला. लई वाळला होता. डिसेंबरची थंडी, आन् कुडकुडत होता. मी मनात म्हटलं, प्रभू, तू बी कमाल करतोस, नेमका ह्यालाच थंडी वाजवतोस. घरी आले आन् भावाचा सदरा काढला. माझी पहिली वाकळ ती.’

‘सदरा कुणाचा ते सांगितलंत त्याला?’

‘सांगितलं की! जेलच्या साहेबाची परवानगी काढून, समोर बसून. त्याशिवाय ऊब कशी येणार?’

‘मग?’ आता हा प्रश्न मी विचारला.

‘मग त्यो रडला. मी बी रडले. मग डोळं पुसून म्हणतोय कसा, मिस, पाय उघडं राहत्यात.’ मिसनी सुई थांबवली. ‘तापले मी! भाऊ घेतलास, सदरा घेतलास, वर माप काढतोस? पर मुडद्याचं पाय खरंच लांब होतं. दुसऱ्या वर्षी वीतभर जोड लावून दिला.’

आणि मिस इतक्या मोठ्याने हसल्या की व्हरांड्यातली कबुतरं उडाली. जेलात ती पहिली वाकळ दिली, त्यानंतरच्या रविवारपासून त्यांचा आवाज त्या वाक्याला खुला झाला होता म्हणे.

आता एवढं ऐकल्यावर कुणाही शहाण्या बाईने घरी जाऊन स्वतःचं कपाट उघडलं असतं. मी जावेचं उघडलं.

आमचं घर बेळगावातल्याच शहापुरात. खाली आम्ही, वर धाकटा दीर आणि जाऊ. आमच्या सासूबाईंची लग्नातली एक शहापुरी साडी होती. आमच्याच गल्लीतल्या मागावर विणलेली, गर्द वांगी रंग, लाल काठ. थोरली सून म्हणून ती मला मिळणार, असं मी धरून चालले होते. चार वर्षं वाट बघितली. धाकटी घरात आली, आणि पहिल्याच नाताळात सासूबाईंनी ती साडी तिच्या अंगावर घातली. त्यानंतर दर नाताळाला जाऊ ती नेसायची आणि दर नाताळाला माझ्या करंज्या खुळखुळ्या व्हायच्या. लोकांना वाटे, सारण कमी पडलं.

त्या वर्षी जाऊ लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेली. जाताना चाव्या माझ्या हातात दिल्या. ‘आक्का, पाऊस सरला की कपड्यांना जरा ऊन दावा.’ मी दाखवलं. गच्चीवर दोरीवर ती वांगी साडी हलत होती आणि मला वाटलं, हाच गं तो तुझा भूतकाळ. ह्याच्यापाशीच तुझा हात अडलाय. हे पवित्र आत्म्याचं बोलावणं आहे अशी माझी ठाम समजूत झाली. पवित्र आत्म्यावर लोक काय काय ढकलतात!

मिसनी साडी हातात घेतली. अंगुस्तानाने काठ चाचपला. ‘लई झ्याक हाय. तुझीच न्हवं?’

मी म्हटलं, ‘मिस, सत्तावीस वर्षं माझ्या मनात हीच आहे.’

बघा, एक अक्षर खोटं नाही. मिसनी कात्री चालवली. पुढे साक्ष, हालेलूया, उप्पीट वगैरे आधी सांगितलंच. ती वाकळ खानापूर रस्त्यावरच्या वृद्धाश्रमातल्या एका म्हातारीला गेली. मी महिनाभर अशी हलकी होऊन फिरत होते की नवऱ्याने विचारलं, ‘डॉक्टरनी गोळी बदलली काय?’

डिसेंबरात जाऊ परतली. नाताळासाठी कपाट उघडलं. ‘आक्का, वांगी साडी कुठं गेली?’

तेव्हा खरं सांगता आलं असतं. मी म्हटलं, ‘धुवायला दिलीय.’ आणि दुसऱ्या दिवशी गल्लीच्या तोंडाच्या दुकानातून तसलीच वांगी, तसलाच लाल काठ, नवी साडी आणली. चुरगाळली, घडी घातली, डांबराच्या गोळ्यांत दोन दिवस मुरवली आणि तिच्या कपाटात ठेवली. जावेने उलगडली. नाकाशी नेली. माझ्याकडे बघितलं.

‘आक्का, सासूबाईंची साडी साठ वर्षांची. ही परवा मागावरून उतरलीया.’

‘चांगला साबण वापरतात ते लोक,’ मी म्हटलं.

हे वाक्य आठवलं की मी अजून उशीत तोंड खुपसते.

जाऊ माझ्याशी भांडली नाही. तिने रविवारी चर्चमध्ये मिसना साडीचा चेहरामोहरा सांगितला. वाकळीच्या कापडांत कुठं सापडली तर बघा म्हणाली. काठाला एका जागी पांढऱ्या दोऱ्याचं रफू आहे, सासूबाईंच्या हातचं. यातलं काहीच मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पुढच्या रविवारी प्रार्थनेत क्षमेचं वाक्य आलं आणि मिसचा आवाज गेला.

मला मजाच वाटली. उपासना संपताच मी पुढे सरसावले, ‘मिस, आज कुणावर?’

‘तुझ्यावर,’ मिस म्हणाल्या. ‘आन् माझ्यावर बी. त्या रफूवरनं कात्री मीच घातली.’ अंगुस्तान माझ्या छातीवर टकटकलं. ‘भूतकाळ सोडलास व्हय गं? दुसरीचा? मी भावाचा सदरा दिला. तू जावेचं कपाट दिलंस!’

‘मिस, चुकून—’

‘चुकून न्हाय. हा शब्द तिच्यापुढं काढायचा न्हाय. आता बघ, साडी मी कापली, म्हंजे मला बी माफी मागाय पाहिजे. मी चालले तुमच्या घरी. तू आधी सांगणार का मी?’

सत्तरीची म्हातारी, जिने मला काहीच केलं नव्हतं, माझ्यामुळे माझ्या जावेपुढे वाकणार? मी पदर खोचून धावले. रिक्षा केली. म्हटलं, दादा, पळव. फाटकाशी आलो आणि समोर रेल्वेचं गेट धाडकन पडलं. मालगाडी. डबे मोजत बसले. तेवढ्यात दोन डब्यांच्या फटीतून बघते, तर गेट पडायच्या आधीच पलीकडे निसटलेली पाळकसाहेबांची स्कूटर शहापुराच्या दिशेने चालली होती, आणि मागच्या सीटवर मिस, दोन्ही पाय एका बाजूला, प्रवचन लांबल्यासारखे झोके घेत.

घरी पोचले तर मिस आमच्या पायरीवर बसून जावेच्या हातचा चहा फुंकत होत्या. मला बघून बशीतूनच म्हणाल्या, ‘मी अजून काय बोलले न्हाय. तिला म्हटलं, तुझी आक्का येतीया, तिला काय तरी सांगायचंय.’

मी सांगितलं. सगळं. दोरीवरची साडी, माझं ‘मनात हीच आहे’, साक्ष, साबण. ‘चुकून’ हा शब्द एकदाही काढला नाही. जिभेच्या टोकावर चारदा आला. सांगून झाल्यावर मिस उठल्या, जावेचे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, ‘कात्री माझी होती, बाई. मला माफ कर.’ जावेने मिसना मिठी मारली. माझ्याकडे न बघता वर गेली.

त्या नाताळात ती साधी निळी साडी नेसली. माझ्याशी बोलायची ते कामापुरतं. पाणी आलं. गॅसवाला आलाय. आणि चर्चमध्ये, माझ्या शेजारी बसून, क्षमेच्या वाक्याला जाऊ गप्प व्हायची. मिसचा आवाज परत आला होता, खांब हलवत होता, पण मला ऐकू यायची ती शेजारची गप्प जागा. मग मलाही ते वाक्य म्हणवेना. सत्तावीस वर्षं तिच्यावरचा राग गिळून सुरात म्हणत होते, हे तेव्हा कुठे कळलं. एका बाकावर दोघी जावा तोंड मिटून. पाळकसाहेबांना वाटलं, आम्हाला घशाची साथ आहे.

मी मिसकडे रडायला गेले. ‘किती रविवार झाले, मिस! आता मी आणखी काय करू?’

‘मला बारा वर्षं लागली,’ मिस म्हणाल्या. ‘तुला काय घाई हाय? सुई ओव.’

थंडी सरली, आंब्यांना कैऱ्या धरल्या. झावळ्यांचा रविवार आला. सगळ्यांच्या हातात खजुरीच्या झावळ्या, पोरं एकमेकांना गुदगुल्या करतायत. प्रार्थना सुरू झाली. क्षमेचं वाक्य जवळ आलं, मी सवयीने ओठ मिटले. आणि शेजारून आवाज आला. बारीक, थोडा चिरकलेला, पण पुरता. जावेने वाक्य शेवटपर्यंत म्हटलं आणि हातातल्या झावळीने माझ्या गुडघ्यावर एक फटका दिला, म्हण की, अशा अर्थाचा. मी म्हटलं. एक वाक्य उशिरा, एकटीच, सगळी मंडळी पुढे गेल्यावर. पुढच्या बाकाखाली मिसचे पाय झोके घ्यायला लागले.

बाहेर चपला शोधताना जाऊ म्हणाली, ‘आक्का, ती साडी मला का दिलती, ठाऊक हाय?’

‘तुझ्यावर जीव होता त्यांचा.’

‘न्हाय. आधी तुमच्यासाठीच काढलती. तुम्ही माजघरात नणंदेला हसून सांगत होता, ही नेसले तर भरताचं वांगं दिसंन मी. सासूबाईंनी ऐकलं. दुखावल्या. ते मला त्यांनी सांगितलं आन् म्हणाल्या, तिला कळू दिऊ नको, वाईट वाटंल तिला.’

मी तिथेच, एका पायात चप्पल, उभी. भरताचं वांगं! माझेच शब्द. हसून विसरून गेलेले, आणि त्यावर सत्तावीस वर्षांचा राग उभा केलेला. आणि हिला सगळं ठाऊक, दर नाताळाला माझं तोंड बघूनही एका शब्दाने बोलली नाही. ‘अगं, मग तू मला सांगायचं ना,’ असं काहीतरी पुटपुटले. मग मला हसूच फुटलं, आणि हसता हसता रडू. जावेने माझी दुसरी चप्पल पायाने पुढे ढकलली, पदर सारखा केला आणि म्हणाली,

‘आता कुणी इचारलं तर चोरली म्हणू नका, आक्का. दोघींनी मिळून दिली म्हणा. आन् त्या म्हातारीला भेटाय जाऊया एकदा. सासूबाईंच्या रफूचा लाल काठ पायाकडं घिऊन निजत असंल, तर वाकळ फिरवून येऊ.’